काम अडते कोठे?



एखादे काम बिघडले, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाची चूक?" वरच्या आळीला नळाचे पाणी पोचले नाही, धरा पाणी सोडणाऱ्याला. दूध संस्थेत दूध नासले, धरा दूध मोजून घेणाऱ्याला. शाळेचा निकाल घसरला, पाठवा गुरुजींना नोटीस. एकदा माणूस हाती सापडला, की आपला जीव थंड होतो. त्याला चार शब्द सुनावले, फार तर बदली केली, म्हणजे आपले कर्तव्य संपले. आणि चार महिन्यांनी नव्या माणसाच्या हातून तेच काम पुन्हा तसेच बिघडते. मग आपण म्हणतो, "हल्ली माणसेच कामसू राहिली नाहीत हो!"

माणसे आळशी असतात, हे मी नाकारीत नाही. शिकवण्याच्या धंद्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला ते नाकारण्याची सोयच नाही. परंतु पुष्कळदा काम अडते ते दोन माणसांच्या मधल्या जागेत. एकाचे काम जेथे संपते आणि दुसऱ्याचे अजून सुरू झालेले नसते, अशी ती जागा. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिला नोटीसही देता येत नाही. आज जी हकीकत मी सांगणार आहे ती या मधल्या जागेचीच आहे. ती घडली अहमदाबादला, १९५३ साली, एका कापडगिरणीत. त्या वेळी अहमदाबाद मुंबई राज्यातच होते, तेव्हा अगदी परक्या मुलखातली म्हणायचे कारण नाही.

गिरणीचे नाव कॅलिको. अहमदाबादच्या गिरण्यांना मालक-मजुरांच्या संबंधांचा एक वेगळा इतिहास आहे. १९१८ साली तेथे मोठा तंटा झाला, त्यात गांधीजींनी उपवास केला, आणि मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या अनसूयाबेन साराभाई. समोर मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे बंधू अंबालाल! त्यातूनच पुढे १९२० साली मजूर महाजन ही संघटना निघाली. शक्यतो बोलणी करून तंटा मिटवायचा, ही तिची रीत. १९५३ साली कॅलिकोची सूत्रे अंबालालांचे चिरंजीव गौतम साराभाई यांच्या हाती होती.

या गिरणीत नुकतेच स्वयंचलित माग बसवले होते. आता माग म्हणजे काय हे ज्यांनी हातमाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको. उभे धागे तो ताणा, आडवे धागे तो बाणा. बाण्याचे सूत धोट्यातल्या कांडीवर गुंडाळलेले असते. साध्या यांत्रिक मागावर कांडी संपली, की विणकराने माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि माग पुन्हा चालू करायचा. स्वयंचलित मागावर कांड्या आधीच भरून ठेवतात. एक संपली की चालत्या मागात दुसरी आपली आपण जाऊन बसते. ताण्याचा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबतो. म्हणजे दोन मागांशी झटणारा विणकर आता चोवीस काय, बत्तीस मागसुद्धा पाहू शकतो.

तज्ज्ञांनी घड्याळ लावून कामाचा हिशेब केला. तुटलेला धागा सांधायला किती वेळ, कांड्या भरायला किती वेळ, नवा ताणा चढवायला किती वेळ. त्यावरून कामाचे तुकडे पाडले. विणकराने फक्त सुटे धागे सांधायचे. कांड्या भरणारे निराळे. पुष्कळ धागे एकदम तुटले तर ते नीट करणारे निराळे. ताणा चढवणारे निराळे. शिवाय तेल घालणारा, झाडणारा, विणलेले कापड वाहून नेणारा, जॉबर, जॉबरचा मदतनीस... अशी १२ प्रकारची कामे, २९ माणसे आणि २२४ माग. कागदावर हिशेब अगदी चोख होता. कोणी रिकामा नाही, कोणावर जास्त भार नाही.

आणि तरीही माग हवे तसे चालेनात. नवी यंत्रे जुन्यांपेक्षा जास्त माल देईनात, आणि सदोष कापडाचे प्रमाण मात्र वाढले. 

असे झाले, की काय बोलले जाते ते आपल्याला पाठ आहे. मजूर अडाणी आहे, त्याला यंत्राची सवय नाही, त्याला काम नको आणि दाम हवा. मुंबईच्या गिरणगावात हे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या चालले. तेथे मागाला साचा म्हणत. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला आपला माणूस दोन साचे सांभाळी. १९२८च्या सुमारास काही गिरण्यांनी दोनाचे तीन साचे करण्याचा घाट घातला. मजुरीचे आणि नोकरी जाण्याचे भय होतेच. त्या साली मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या, त्याच्या मुळाशी अशा योजना हे एक मोठे कारण होते. विणकराला कोणी विचारले नव्हते, की बाबा, तिसरा साचा सांभाळायचा तर तुझे काम कसे लावले पाहिजे? ज्याने जन्म मागावर काढला, त्यालाच त्यातले काही कळत नाही, असे गृहीत धरण्याची ही खोड फार जुनी आहे.

कॅलिकोने मात्र एका बाहेरच्या माणसाला बोलावले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले हे ए. के. राइस. या संस्थेतल्या मंडळींना असला एक अनुभव इंग्लंडात आलेला होता. तेथल्या कोळशाच्या खाणींत पूर्वी चारदोन माणसांची टोळी खाणीचा एक तुकडा घेई आणि खणण्यापासून भरण्यापर्यंत सगळे आपण करी. पुढे यंत्रे आली आणि काम तीन पाळ्यांत वाटले गेले. एका पाळीने कोळशाच्या थराखाली खाच पाडायची, दुसरीने कोळसा वाहून नेणारे यंत्र पुढे सरकवायचे, तिसरीने कोळसा भरायचा. पहिल्या पाळीचे काही राहून गेले, की त्याचे भोग तिसरीच्या वाट्याला. आणि ती शिव्या देणार कोणाला? पहिली पाळी तर केव्हाच घरी जाऊन निजलेली. यंत्रे चांगली असूनही खाणकामगार खचले, गैरहजर राहू लागले. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली हे सविस्तर लिहून ठेवले. बॅमफर्थ स्वतः अनेक वर्षे खाणीत राबलेला माणूस होता. मला वाटते, म्हणूनच त्याला ते दिसले.

राइस यांनी अहमदाबादच्या शेडमध्ये उभे राहून माणसांच्या फेऱ्या पाहिल्या, आणि त्यांच्या ध्यानात एक मोठी गमतीची गोष्ट आली. विणकराकडे चोवीस माग. कांड्या भरणाऱ्याकडे याहून जास्त, सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त, ताणा चढवणाऱ्याकडे आणखी जास्त. प्रत्येकाची हद्द निराळी. हिशेब मांडला तेव्हा असे निघाले, की चोवीस मागांच्या विणकराच्या वाट्याला कांड्या भरणारा येतो पाच-अष्टमांश, धागे सांधणारा तीन-अष्टमांश, ताणा चढवणारा पाव आणि कांड्या वाहणारा एक-अष्टमांश! आता सांगा, पाच-अष्टमांश माणसाला हाक कशी मारायची? तो आपल्याकडे येईल, पण उरलेला तीन-अष्टमांश दुसऱ्याने आधीच बोलावलेला असेल. भांडण झाले तर ते मिटवायचे कोणी? आणि माल चांगला निघाला तर पाठ कोणाची थोपटायची? शेडमध्ये २९ माणसे होती, पण चार माणसे मिळून "हे आमचे" असे म्हणतील, असे काहीच नव्हते.

दोष माणसांत नव्हता, यंत्रातही नव्हता. ज्या रीतीने काम फाडले होते, त्या फाडण्यात होता.

पुढचा भाग मला या हकीकतीत सर्वांत मोलाचा वाटतो. राइस यांनी दुभाष्यामार्फत शेडमधल्या मंडळींपुढे फक्त एक कल्पना ठेवली : मागांचा एक गट आणि तो सांभाळणारा माणसांचा एक गट, असे केले तर? एवढेच. आराखडा दिला नाही, तक्ते दिले नाहीत. कामगार म्हणाले, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःची पुरी योजना घेऊन आले व ती करून पाहण्याची परवानगी मागू लागले. ज्यांच्याविषयी "यांना कामाची आच नाही" असे बोलले जाते, त्यांनी एका रात्रीत ही योजना बसवली. मला तर वाटते, ती त्यांच्या डोक्यात आधीपासून असणार. विचारणारा भेटला नव्हता.

सात जणांचा एक गट आणि त्याच्याकडे ६४ माग, अशी मांडणी झाली. गटात कोणाला घ्यायचे ते एकमेकांच्या पसंतीने ठरले. म्होरक्या गटातलाच. बारा प्रकारच्या कामांचे जे निरनिराळे दर्जे होते ते मोडून थोड्याच पायऱ्या ठेवल्या. मजुरीचा करार नव्याने झाला आणि गटाने जास्त व चांगला माल काढला तर गटाला जास्त मिळेल असे ठरले. आता एखाद्या मागावर धागे तुटले, की "हे माझे काम नव्हे" म्हणायला जागा उरली नाही. जो जवळ असेल त्याने हात लावायचा.

हे सगळे पहिल्या दिवसापासून सुरळीत चालले असे समजू नका. नव्या हुरूपाने माग पळू लागले, पण सदोष कापडाचे प्रमाण वाढले. गटांना आपली घडी बसवायला वेळ लागला. तो वेळ त्यांना दिला गेला, लगेच "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?" असे म्हणून जुनी पद्धत आणली नाही, हे विशेष. मग आकडे बोलू लागले. मागांची कार्यक्षमता शेकडा ८० होती ती ९५ वर गेली. सदोष माल शेकडा ३२ होता तो २० वर आला. माग तेच, सूत तेच, माणसेही तीच. शेडच्या ज्या भागात जुनीच रीत चालू होती, तेथे असा फरक पडला नाही. राइस यांनी हा सारा वृत्तान्त पुढे १९५८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला.

शेतकरी श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे इर्जिक होते, सावड होती. दहा औते एका रानात उतरली, की कोणी घड्याळ लावून कोणाचे तास मोजीत नसे. एखाद्याचा बैल बसला तर शेजारचा आपले औत त्याच्या तासाला घाली, कारण रान संध्याकाळपर्यंत संपवायचे आहे हे सगळ्यांना दिसत असे. आणि संध्याकाळी जेवण असे, तेही विसरू नका! अर्थात जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. सावडीत ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला कोण पुसत होते, हाही प्रश्न आहे. पण पुरे काम एका जुटीच्या नजरेपुढे असले, की हाकारणाऱ्याची गरज कमी पडते, एवढे आपले वाडवडील जाणून होते.

येथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. मजुरी वाढली म्हणूनच माल वाढला नसेल कशावरून? हीच शंका १९६९ साली एका भारतीय अभ्यासकाने राइस यांच्या प्रयोगावर लेख लिहून घेतली. माझे मत असे, की शंका अगदी टाकाऊ नाही. पोट भरल्याशिवाय हुरूप येत नाही. "कामाचे समाधान हीच मजुरी" असे सांगणारा साहेब स्वतः मात्र महिन्याचा पगार चुकवीत नाही. परंतु नुसत्या मजुरीनेच भागले असते तर त्या २९ माणसांना जुन्याच रीतीत चार पैसे जास्त देऊन पाच-अष्टमांशाचे कोडे सुटले असते काय? मला तसे वाटत नाही. ज्याच्या हाती सूत्रच नाही, त्याने जादा पैशासाठी जादा धावायचे ठरवले तरी धावायचे कोणीकडे?

हुरूप वाढवण्याचे आपल्याकडचे उपाय मात्र पाहा. वर्षातून एकदा शाल आणि नारळ. भिंतीवर सुविचार. माझ्या पाहण्यातल्या एका कचेरीत सूचना-पेटी टांगलेली होती. कुलूप भले मोठे होते. त्याची किल्ली कोणाकडे असते ते मी तिघांना विचारले, तिघांनी तीन नावे सांगितली.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, नळपाणी योजनेची मोटर एक जण चालू करतो, आळ्यांच्या चाव्या दुसरा फिरवतो, पट्टी तिसरा गोळा करतो, गळती काढायला तालुक्याहून चौथा येतो आणि तक्रार ऐकतात ग्रामसेवक. वरच्या आळीला पाणी नाही. मोटरवाला म्हणतो, "मी पाच वाजता बटण दाबलं, वीज नव्हती त्याला मी काय करू?" चावीवाला म्हणतो, "टाकीच भरली नव्हती." पट्टीवाल्याला लोक म्हणतात, "आधी पाणी द्या, मग पट्टी मागा." यातला एकही खोटे बोलत नाही, आणि तरी बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या आहेत. येथे कोणाला बदलून उपयोग नाही. दोघातिघांना मिळून एकेक आळी तोडून द्या, त्या आळीचे पाणी, चावी, गळती आणि पट्टी त्यांच्याच गळ्यात घाला, आणि आळीच्या पाण्याची वेळ फळ्यावर त्यांनाच लिहू द्या. वीज तरीही जाईल. पण वीज कधी असते याचा शोध तेच घेतील, कारण हंडे त्यांच्याच दारात येणार.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हीच गोष्ट शाळेची. पाचच शिक्षकांची शाळा, आणि वरून खालपर्यंत तासांची वाटणी विषयवार. चौथीतल्या एका मुलाला वाचता येत नाही. गणिताचे गुरुजी म्हणतात, याला उदाहरणच वाचता येत नाही, मी शिकवू काय? भाषेच्या बाई म्हणतात, मला या वर्गावर आठवड्यात मोजके तास. परिसर अभ्यासवाले म्हणतात, तो तोंडी चांगली उत्तरे देतो. हे मूल पाच-अष्टमांश एकाचे आणि तीन-अष्टमांश दुसऱ्याचे. पुरते कोणाचेच नाही. वरच्या वर्गांना विषयशिक्षक लागतात, त्यावर माझा वाद नाही. परंतु खालच्या वर्गांत दोन शिक्षकांच्या जोडीकडे दोन वर्ग पुरते सोपवावे, तास कसे लावायचे ते त्यांनीच ठरवावे आणि मुख्याध्यापकांनी महिन्याकाठी एवढेच विचारावे, की वाचता न येणारी मुले किती होती आणि आता किती राहिली. हे अवघड मुळीच नाही. अवघड आहे ते मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आपल्या हातातून सोडणे!

कारण सोडल्यावर सोडलेलेच राहावे लागते. कॅलिकोच्या हकीकतीचा उत्तरार्ध याच मुद्द्यावर आहे. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा तेथे गेले आणि गटांचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. एका ठिकाणी गट जवळजवळ जसेच्या तसे चालू होते आणि काम त्याच पातळीवर टिकून होते; सोळा वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. इतर ठिकाणी मात्र कमीअधिक प्रमाणात जुनी रीत परतली होती. बाजार बदलला, मालाची मागणी बदलली, माणसे बदलली, आणि त्या धकाधकीत गटाच्या भोवती जे कुंपण राखायला हवे होते ते वरच्यांनी राखले नाही. आजचा दिवस हा माणूस तिकडे द्या, उद्या हे माग इकडे घ्या, असे करता करता गट नावाला उरतो. गट मोडला असे कोणी जाहीर करीत नाही. तो असाच, एकेक दिवसाच्या सोयीने मोडतो.

ती गिरणीही आता नाही. कॅलिको केव्हाच बंद पडली, तशा मुंबईच्याही बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्याची कारणे मोठी आहेत आणि मागांची मांडणी कितीही चांगली असती तरी ती टळली असती असे म्हणणे धाडसाचे होईल.

मघाशी मी आळशी माणसाचा विषय अर्धा ठेवला. सभेत कोणीतरी हटकून विचारतो, "गटात एखादा कामचुकारच निघाला तर?" अहमदाबादला गट एकमेकांच्या पसंतीने झाले होते आणि ज्याला जमत नसेल त्याला बाहेर पडण्याची मुभा होती. आणि सात जणांत तोंड लपवणे कठीण असते, एकोणतीस जणांत सोपे. साहेबाला चुकवता येते, हजेरीपटालाही चुकवता येते. पण शेजारच्या मागावरच्या सोबत्याला कसे चुकवणार? तो दुपारी त्याच्याच पंक्तीला भाकरी खायला बसतो.